मोटारविक्रेत्याची गिटार कंपनी : कॉनकॉर्ड जॅझची वाटचाल

सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेला, टेकड्यांपलीकडे कॉनकॉर्ड नावाचं गाव आहे. पियानोवादक डेव्ह ब्रूबेक १९२० मध्ये इथेच जन्मले. पण जॅझच्या नकाशावर हे गाव ठळक झालं ते कार्ल जेफरसन यांच्यामुळे. जेफरसन लिंकन-मर्क्युरी मोटारींचे विक्रेते होते आणि जॅझचे निस्सीम रसिक. १९६९ मध्ये, म्हणजे वुडस्टॉकच्या रॉक महोत्सवाच्याच वर्षी, त्यांनी गावात उन्हाळी जॅझ महोत्सव सुरू केला. तरुणाई रॉककडे वळलेली होती आणि मोठ्या कंपन्या सरळ, सुरेल जॅझला हात लावायला कचरत होत्या. आपल्याला ऐकायची आहे तशी रेकॉर्ड बाजारात मिळत नाही, ही जेफरसन यांची खंत होती. ती नुसती बोलून न दाखवता १९७२ मध्ये त्यांनी स्वतःच कॉनकॉर्ड जॅझ ही रेकॉर्ड कंपनी काढली.

कंपनीचा पहिला अल्बम दोन गिटारवादकांचा होता : हर्ब एलिस आणि जो पास. साथीला रे ब्राउन यांचा बास आणि जेक हॅना यांचे ड्रम्स. याच चौघांची १९७३ च्या महोत्सवातली मैफल ‘सेव्हन, कम इलेव्हन’ या नावाने निघाली. पाठोपाठ एलिस, बार्नी केसेल आणि चार्ली बर्ड हे त्रिकूट ‘ग्रेट गिटार्स’ म्हणून एकत्र आलं. एलिस, पास आणि केसेल तिघेही वेगवेगळ्या काळात ऑस्कर पीटरसन यांच्या पियानोशेजारी बसून वाजवलेले. १९७५ मध्ये महोत्सवाला फ्रँक गेरी यांनी आखलेलं खुलं सभागृह, कॉनकॉर्ड पॅव्हिलियन, मिळालं. मंच आणि रेकॉर्ड कंपनी एकाच माणसाच्या आवडीवर चालत होती, आणि त्या आवडीच्या मध्यभागी गिटार होती.

ही आवड जुन्या वळणाची होती. चाल ओळखू यावी, ताल झुलता असावा, वाजवणाऱ्याचा हात दिसावा. मोठ्या कंपन्यांनी बाजूला सारलेल्या अनेक ज्येष्ठांना इथे आसरा मिळाला. म्हणून हे केवळ म्हाताऱ्यांचं घर होतं असंही नाही. १९८१ मध्ये विशीतल्या एमिली रेमलर यांचा पहिला अल्बम ‘फायरफ्लाय’ याच कंपनीने काढला. गिटारवादक बाईला पुढे बसवणं तेव्हा जॅझमध्ये दुर्मीळच होतं.

अशा कंपनीला नाताळची गाणी परकी वाटण्याचं कारण नव्हतं. अमेरिकेत डिसेंबरभर कानावर पडणारी बरीचशी गाणी चर्चमधली नाहीत. ती १९३० ते १९५० च्या दशकांतल्या ब्रॉडवे आणि हॉलिवूडच्या गीतकार-संगीतकारांची आहेत. जॅझवादक ज्यांना स्टँडर्ड्स म्हणतात, त्यांच्याच घराण्यातली. मेल टॉर्मे आणि बॉब वेल्स यांनी ‘द ख्रिसमस साँग’ रचलं ते १९४५ च्या कॅलिफोर्नियातल्या रणरणत्या उन्हाळ्यात. ते घरोघरी पोहोचवलं नॅट किंग कोल यांनी, आणि त्यांच्या त्रयीत गिटार होती ऑस्कर मूर यांची. म्हणजे या परंपरेत गिटार पहिल्यापासूनच आहे.

तरीही मैफलीत ही गाणी वाजवणं सोपं नाही. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात असतं तसंच इथेही असतं : गाणी ठरलेली, श्रोत्यांना तोंडपाठ, आणि तरी तीच हवी असतात. चाल फार वाकवली तर सण हरवतो, अजिबात हलवली नाही तर जॅझ हरवतो. एकट्या गिटारवर तर तारेवरची कसरत. वरच्या तारेवर चाल, तिच्या खाली कॉर्ड आणि अंगठ्याखाली बासची वाटचाल, हे सगळं दोन हातांत सांभाळायचं. मोकळी जागा असते ती कॉर्डमध्ये. चाल जागच्या जागी ठेवून तिच्याखालचा स्वरमेळ बदलला, की ऐकणाऱ्याला गाणं ओळखीचंही वाटतं आणि नवंही.

हे काम चार्ली बर्ड यांच्या हाताला विशेष मानवलं. व्हर्जिनियात जन्मलेल्या बर्ड यांनी १९५४ मध्ये इटलीत शास्त्रीय गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया यांच्याकडे शिक्षण घेतलं. नायलॉनच्या तारांची गिटार ते बोटांनी छेडत. १९६२ मध्ये स्टॅन गेट्झ यांच्याबरोबर वॉशिंग्टनमधल्या एका चर्चमध्ये मुद्रित केलेल्या ‘जॅझ साम्बा’ या अल्बमने अमेरिकेला बोसानोव्हा या ब्राझिलियन शैलीचं वेड लावलं. कॉनकॉर्डने १९८२ मध्ये त्यांचा ‘द चार्ली बर्ड ख्रिसमस अल्बम’ काढला. शास्त्रीय शिस्त आणि जॅझची सैल चाल या दोन्हींची गरज असलेल्या गाण्यांना दोन्ही जाणणारा वादक मिळाला होता.

गायकही त्याच वाटेने आले. १९५४ च्या ‘व्हाइट ख्रिसमस’ चित्रपटातल्या रोझमेरी क्लूनी १९७७ पासून कॉनकॉर्डसाठी गाऊ लागल्या आणि १९९६ मध्ये त्याच नावाचा नाताळचा अल्बम त्यांनी इथे केला. खुद्द टॉर्मे १९८० च्या दशकात जॉर्ज शिअरिंग यांच्यासोबत कंपनीत दाखल झाले. १९९४ मध्ये कंपनीच्या कलावंतांचा ‘अ कॉनकॉर्ड जॅझ ख्रिसमस’ हा संग्रह निघाला.

त्याच सुमारास जेफरसन यांनी कंपनी विकली आणि १९९५ मध्ये त्यांचं निधन झालं. विकत घेणारी कंपनी लवकरच दिवाळखोरीत गेली. १९९९ मध्ये दूरचित्रवाणी निर्माते नॉर्मन लिअर आणि हॅल गाबा यांच्या गटाने सूत्रं घेतली. २००४ मध्ये रे चार्ल्स यांच्या ‘जीनियस लव्ह्ज कंपनी’ या अल्बमने यश दिलं. पुढच्या वर्षी त्याला ८ ग्रॅमी मिळाल्या. पण २००४ मधली दुसरी घटना अधिक दूरगामी ठरली : कॉनकॉर्डने फँटसी ही कंपनी घेतली. फँटसीबरोबर रिव्हरसाइड लेबलवरचे गिटारवादक वेस माँटगोमेरी आले, पाब्लो लेबलवरचे जो पास आले आणि व्हिन्स ग्वाराल्डी यांचा १९६५ चा ‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’ही आला. जॅझमधला सर्वांत लाडका नाताळचा अल्बम गिटारप्रेमी कंपनीच्या मालकीचा झाला, आणि त्यात गिटारच नाही! २००५ मध्ये टेलार्क ही कंपनी घेतल्यावर टॉर्मे यांचा नाताळचा अल्बमही दप्तरी जमा झाला. २०१७ मध्ये रॉजर्स आणि हॅमरस्टीन यांच्या गाण्यांचे हक्क आले. त्यांत ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ होतं : मुळात नाताळशी संबंध नसताना नाताळचं होऊन बसलेलं.

हा प्रवास नफ्याच्या भाषेत सहज समजतो. दर डिसेंबरला न चुकता परत येणारं गाणं म्हणजे खात्रीचं उत्पन्न. पण त्यात जमाखर्चाची दुसरी बाजूही आहे. विकत घेतलेला संग्रह जुनं जपतो, नवं घडवत नाही. बर्ड यांचा नाताळचा अल्बम घडला, कारण एक माणूस उन्हाळ्यात मंचासमोर बसून कोणाचा हात कुठे चालतो ते ऐकत होता आणि त्यावर स्वतःचे पैसे लावायला तयार होता. आज कॉनकॉर्डकडे गाणी उदंड आहेत, हक्कही आहेत. ती पुढच्या पिढीच्या गिटारवर चढवायची असतील, तर कंपनीला पैशापेक्षा जेफरसन यांच्यासारखा हट्टी श्रोता शोधावा लागेल.