जोतिबाची वाट आणि कोल्हापूरची हद्द

१/ चैत्र यात्रेत लाखो भाविक जोतिबाचा डोंगर चढतात. त्यांतील अनेक कोल्हापूरमार्गे येतात.

२/ १८९१ मध्ये संस्थानच्या खर्चाने मिरज–कोल्हापूर रेल्वे सुरू झाली. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी स्थानकानजीक शाहूपुरी वसवली. आधी रूळ, मग पेठ.

३/ रूळ मात्र डोंगरापर्यंत गेले नाहीत. ती वाट पायी, बैलगाडीने आणि पुढे एस.टी.ने सरली.

४/ १९७२ मध्ये महानगरपालिका झाली. हद्द मात्र अनेक दशके तीच राहिली. केएमटीची बस हद्दीबाहेरही धावते, तिचा तोटा शहर सोसते. म्हणून शहराला हद्दवाढ हवी. गावांना वाढीव घरफाळ्याची आणि जमिनींवरील आरक्षणांची धास्ती.

५/ संस्थानकाळी वाहतुकीमागून शहर वाढले. आज बस हद्द ओलांडते. धोरण वेशीवरच अडते.