पोपटीतले प्रोटीन

थंडीत शिळफाट्याला पोपटी लागली की माझे डाएट सुटते. यंदा पुतण्याने त्याला शास्त्राधार दिला. "काका, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी... सगळं प्रोटीन! हाणा!"

मी हाणले. मडके रिकामे झाल्यावर सौ. म्हणाली, "एवढ्या प्रोटीननं किडन्या जातात म्हणे."

प्रोटीनवर बारीक होण्याचा नाद जुनाच. १८६३ साली लंडनच्या विल्यम बँटिंगने पाव, साखर, बटाटे सोडून तिन्ही त्रिकाळ मांस-मासे खाऊन वीसेक किलो उतरवल्याची पुस्तिकाच छापली. (गृहस्थाचा धंदा अंत्ययात्रांचा, म्हणजे गिऱ्हाइके तोडण्याचाच उद्योग!) पुढे १९७७ च्या सुमारास अमेरिकेत नुसते 'द्रव प्रोटीन' पिऊन काही डझन माणसे खरोखरच दगावली. पण ती अतिप्रोटीनने नव्हेत. जनावरांच्या कातड्यांपासून काढलेले निकस प्रोटीन, दिवसाला जेमतेम ३००-४०० कॅलरी आणि बाकी कडकडीत उपास! हृदयेच थांबली बिचाऱ्यांची.

धडधाकट मूत्रपिंडे जास्त प्रोटीनने बिघडतात असे काही ठाम सिद्ध झालेले नाही. आधीच दुखावलेली असली तर मात्र गोष्ट वेगळी. आमच्या मेव्हण्याला तर डाळसुद्धा मोजून मिळते. त्या रात्री तो माझ्या शेजारी बसून चारच शेंगा सोलत होता. दोन वर्षांमागे तोही धडधाकटच होता. आणि माझ्या मूत्रपिंडांची चौकशी आजवर कोणी केली होती?

सकाळी उपाशीपोटी पुतण्याला घेऊन खोपोलीत रक्त द्यायला निघालो. वाटेत तो म्हणाला, "काका, येताना वडा?"