मुलाच्या ताटातील आकडे

एखाद्या घरी दिवसाकाठी किती अन्न शिजते हे सांगणे फारसे अवघड नाही. चूल पेटण्यापूर्वी तांदूळ, ज्वारी, डाळ, तेल तराजूत घालावे आणि आकडे लिहून घ्यावेत. परंतु त्याच घरातील तीन वर्षांच्या मुलाच्या पोटात काय गेले, असे कोणी विचारले तर मात्र हा तराजू निरुत्तर होतो. वरवर पाहता हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात. ते एक नव्हेत, हे ध्यानात येण्यास आपल्या शास्त्रज्ञांना बरीच वर्षे खर्ची घालावी लागली. त्या शोधाचे एक टोक हैदराबादेत आहे, आणि दुसरे सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेल्या एका संख्याशास्त्रज्ञाच्या हाती आहे.

या कथेचा आरंभ मात्र निलगिरीच्या डोंगरात होतो. १९१८ साली कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी बेरीबेरी या रोगाचा अभ्यास हाती घेतला. त्या लहानशा कामातून १९२८ पर्यंत पोषण संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. पुढे डब्ल्यू. आर. ऑक्रॉइड यांच्या कारकीर्दीत खेड्यापाड्यांतील आहाराच्या पाहण्या सुरू झाल्या, आणि १९३७ साली भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची कोष्टके प्रसिद्ध झाली. ही प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादेस, उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारी आली. त्या स्थलांतराच्या काळात तिचे नेतृत्व डॉ. वि. ना. पटवर्धन यांच्याकडे होते, त्यांच्यामागून डॉ. सी. गोपालन आले. १९६९ साली तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले.

जुन्या पाहणीची रीत अशी. कार्यकर्त्याने घरी जावे, कच्चा शिधा तोलावा, जेवणारी माणसे मोजावीत आणि भागाकार करावा. आता सर्वांची भूक सारखी नसते, म्हणून बैठे काम करणारा प्रौढ पुरुष हे एक एकक धरावयाचे, स्त्रीला त्याहून थोडे कमी आणि लहान मुलाला साधारण निम्मे. एककांच्या बेरजेने शिध्याला भागले की दर एककामागे किती उष्मांक, किती प्रथिने, हे निघते. या रीतीत लबाडी काहीच नाही. पण एक गृहीत मात्र गुपचूप दडलेले आहे. ते असे की, घरातील प्रत्येकाला आपापल्या गरजेच्या प्रमाणात वाटा मिळतो. शेवटी जेवावयास बसणारी आई आणि स्वतःच्या हाताने नीट खाता न येणारे मूल यांच्या बाबतीत हे गृहीत कितपत खरे ठरते, हे सांगण्यास शास्त्रज्ञ कशाला हवा!

म्हणून व्यक्तिगत आहाराची पाहणी आवश्यक ठरली. आईला विचारावयाचे की, काल सकाळपासून आज सकाळपर्यंत या मुलाने काय काय खाल्ले? समोर ठराविक मापाच्या वाट्या ठेवावयाच्या, तिने दाखवावे, कार्यकर्त्याने लिहावे. सणाचा अथवा उपवासाचा दिवस टाळावयाचा. पाहुण्यासमोर घरची उणीव झाकण्याची आपली रीत आहे, हेही प्रश्न विचारणाऱ्याने जाणून असावयाचे. हे काम कष्टाचे खरे. पण मुलाच्या ताटाला यातून प्रथमच स्वतःचा आकडा मिळाला.

याच सुमारास जगभर एक मोठी हाकाटी चालू होती. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालाने येऊ घातलेल्या प्रथिन-संकटाचा इशारा दिला. गरीब देशांतील मुले खुरटतात ती प्रथिनांच्या अभावी, असे निदान झाले. साहजिकच उपायही तसाच सुचला: दुधाची भुकटी, तेलबियांच्या पेंडीपासून केलेली पिठे, कारखान्यात तयार होणारी प्रथिनयुक्त खाद्ये. ज्या देशाला दोन वेळच्या धान्याची ददात होती, त्याने आपला पैसा कोठे घालावा, हा प्रश्न या निदानाशी बांधलेला होता.

येथे संख्याशास्त्राने एक साधी गोष्ट केली. उष्मांकांचा रकाना वेगळा आणि प्रथिनांचा वेगळा, असे न पाहता एकाच मुलाचे दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहिले. मग मुलांचे चार गट पडतात: दोन्ही पुरेसे, दोन्ही अपुरे, केवळ प्रथिने अपुरी, केवळ उष्मांक अपुरे. संकटाचे निदान खरे असते तर तिसरा गट भरगच्च दिसावयास हवा होता. तो जवळजवळ रिकामाच निघाला. ज्या मुलांना प्रथिने कमी पडत होती, त्यांना बहुतेक सर्वत्र एकूण अन्नच कमी पडत होते. हैदराबादेत गोपालन आणि त्यांचे सहकारी, तसेच रोम येथील अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, असे दोन्हीकडून हे निष्कर्ष पुढे आले.

त्यामागचे कारणही समजण्याजोगे आहे. तांदूळ, ज्वारी आणि डाळ यांत मुलाला पुरतील इतकी प्रथिने असतात. मात्र ते अन्न पोटभर मिळाले पाहिजे. पोट अर्धे राहिले की शरीर प्रथिनांचेच सरपण करते आणि ते ऊर्जेसाठी जाळून टाकते. अशा मुलाला नुसती प्रथिने देणे म्हणजे थंडीत सागवानी फर्निचर शेगडीत घालण्यासारखे आहे.

तरीही पाहणी ही पाहणीच. दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. म्हणून हैदराबादच्या संस्थेने प्रयोग केला. गव्हाचे पीठ, साखर आणि तेल यांचा खाऊ काही मुलांना रोज चौदा महिने देण्यात आला. त्यात ३१० उष्मांक होते आणि प्रथिने अवघी ३ ग्रॅम. खाऊ न मिळालेल्या मुलांशी तुलना करता, या मुलांची उंची आणि वजन स्पष्टपणे अधिक वाढले. हा निष्कर्ष १९७३ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने प्रथिनांच्या गरजेचे प्रमाण खाली आणले.

पण वाद येथे संपला नाही, आणि तो पुढे सुखात्म्यांभोवतीच पेटला. निवृत्तीनंतर ते पुण्यास आले. त्यांचे म्हणणे असे की, एकच माणूस आज कमी खातो, उद्या अधिक; एका दिवसाच्या पाहणीत कमी दिसलेला प्रत्येक जण उपाशी धरला, तर भुकेल्यांची संख्या अकारण फुगते. गणित म्हणून हे बिनचूक आहे. माणसामाणसांतील फरक आणि एकाच माणसाच्या दिवसादिवसांतील फरक हे वेगळे काढावयाचे असतील, तर त्याच घरी अनेक दिवस जावे लागते. परंतु पुण्यातच प्रा. वि. म. दांडेकर यांनी हरकत घेतली: गरिबाचे कमी खाणे हा दिवसाचा चढउतार नव्हे, ती त्याच्या मिळकतीची मर्यादा आहे. गोपालन यांनीही बजावले की, कमी अन्नाशी जुळवून घेऊन खुजे राहिलेले मूल निरोगी म्हणता येत नाही. सीमारेषा थोडी खाली ओढली की कागदावरून कोट्यवधी भुकेले पुसले जातात. म्हणून ती कोठे ओढावी हा निव्वळ गणिताचा प्रश्न कधीच नसतो.

असे वाद आकड्यांवाचून घालता येत नाहीत. ते आकडे पुरविण्यासाठी १९७२ साली हैदराबादच्या संस्थेत राष्ट्रीय पोषण निरीक्षण केंद्र स्थापन झाले, आणि महाराष्ट्रासह दहा राज्यांत त्याचे पाहणीपथक घरोघर फिरू लागले. २०१५ साली ते काम थांबविण्यात आले. आज कुटुंब आरोग्य पाहणीतून मुलांची उंची व वजन कळते. खर्चाच्या पाहणीतून घरात किती धान्य आले ते कळते. दोन्ही मोलाचे आहे. परंतु घरात आलेले धान्य आणि मुलाचे वाढलेले वा न वाढलेले शरीर, या दोहोंमध्ये एक ताट असते. त्या ताटात काय पडले, हे त्याच्यापाशी बसून विचारल्यावाचून कोणत्याही सरासरीतून निघत नाही.