पायाखालचा डिपर

पाटणला आमच्या घरामागच्या छपरात वडिलांची १९६२ सालची ॲम्बॅसिडर उभी आहे. कोयनाकाठचा पावसाळा लोखंडाला मानवत नाही. यंदा चालकाच्या पायाखालचा पत्रा पार कुजला, तेव्हा मिस्त्रींनी तो कापून काढला, नवा जोडला आणि मला विचारले, "गुरुजी, ह्यो डिपर आता पायात कशाला? वर ड्यॅशबोर्डाला बसवू की. बोटानं टिचकी मारली की झालं!"

प्रश्न साधा होता. पण त्याच्या उत्तरासाठी मला शंभर वर्षे मागे जावे लागले. दिवाळीत सगळेच दिवे लावण्याच्या गोष्टी सांगतात. मी आपली दिवा नमवण्याची सांगतो.

मोटारीला विजेचे दिवे आले तेव्हा लोक हरखले. अमेरिकेतल्या कॅडिलॅक गाडीला तर ते १९१२ पासून गाडीबरोबरच मिळू लागले. पण उजेड वाढला तसे समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू लागले. १९२४ च्या सुमारास एकाच बल्बात दोन तारा घालण्याची युक्ती निघाली. एक तार झोत दूरवर फेकी, दुसरी तो खाली रस्त्यावर पाडी. आता एका तारेवरून दुसरीवर जायचे कसे? चालकाचा एक हात स्टिअरिंगवर, दुसरा गिअरच्या दांड्यावर. शिवाय वळताना, थांबताना खिडकीबाहेर हात काढून इशारा करायचा. उजवा पाय ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांच्यात वाटलेला. क्लचची चाकरी संपली की रिकामा बसतो तो एकटा डावा पाय! त्यालाच हे काम सोपवले गेले. १९२७ पासून अमेरिकी गाड्यांत डिपरचे बटण क्लचच्या डावीकडे, जमिनीवर दिसू लागले.

बटणाची रचनाही मोठी शहाणपणाची. आत एक दातेरी चकती असते. एकदा दाबले की ती एक घर पुढे सरकते आणि वीज एका तारेकडून दुसरीकडे जाते. पुन्हा दाबले की पहिलीकडे येते. दाबून धरावे लागत नाही, त्यामुळे पाय लगेच क्लचसाठी मोकळा होतो.

विलायतेतल्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घडवलेली ॲम्बॅसिडर बंगालमध्ये उत्तरपाड्याला तयार होऊ लागली, तेव्हा हे बटण तिच्याबरोबर आपल्याकडे आले. जीपगाड्यांतही ते पायातच असे. पुढे मोटारींत स्टिअरिंगजवळच कळ आली आणि चिखलपाण्याने बटण गंजण्याची कटकट मिटली. तरी अमेरिकेत फोर्डच्या काही मालवाहू गाड्यांनी ते १९९१ पर्यंत सोडले नव्हते. ॲम्बॅसिडरचे उत्पादनच २०१४ साली थांबले.

तेव्हा मिस्त्रींचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. मी 'बघू' म्हणालो आणि भंगारात टाकलेला जुना पत्रा उचलून पाहिला. त्यात स्क्रूच्या भोकांच्या दोन जोड्या होत्या! एक कारखान्यातली, नेटकी. दुसरी तिच्यापासून चार बोटे अलीकडे, हाताने पाडलेली, वाकडी. पत्रा तसाच आईपुढे नेला. आई आता नव्वदीला टेकली आहे. तिने भोकांवरून बोट फिरवले.

"भूकंपानंतर हलवला त्यांनी," ती म्हणाली.

११ डिसेंबर १९६७. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. भिंत पडून आजी जखमी झाली होती. अंगणातली गाडी मात्र शाबूत होती. वडिलांनी आजीला मागच्या बाकावर निजवले, तिचे डोके माझ्या मांडीवर दिले आणि गाडी कराडच्या रस्त्याला लावली. ते अनवाणी होते. पडलेल्या कौलाने त्यांची डावी टाच चिरली होती, हे आम्हांला उजाडल्यावर कळले. समोरून गाड्या येत होत्या. दर गाडीला वडील पाय उचलून पुढे नेत, बटण दाबत, टक् आवाज होई, आणि ते दात-ओठ खात. आजी वाचली. महिन्याभरात वडिलांनी बटण अलीकडे घेतले, टाच जमिनीवरून न उचलता नुसता चवडा वळवून दाबता येईल असे.

पुढे एकदा मी त्यांना विचारले होते, "समोरचा दिवे पाडत नाही, मग आपण का पाडायचे?"

"अरे, त्याला दिसलं नाही तर तो आपल्याच अंगावर येणार की!" ते म्हणाले.

जुना पत्रा नव्यावर ठेवून मी खडूने खुणा केल्या, वाकड्या जोडीच्या. मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, जरा सरळ घेऊ का?" मी म्हटले, "नको. आहे तशीच घ्या."

संध्याकाळी गाडी मल्हारपेठेच्या रस्त्याला काढली. माझाही डावा गुडघा आता कुरकुरतो. वळणावर समोरून ट्रक आला. टाच तिथेच ठेवून मी चवडा वळवला. टक्. क्षणभराने ट्रकवाल्यानेही आपले दिवे खाली पाडले.