फिरंग : एका तलवारीचे तीन काळ

आपल्याकडे तलवारीचा इतिहास मालकाच्या नावाने सांगितला जातो. ती कोणाच्या हाती होती एवढे ठरले, की कोठे घडली, कोणी घडवली, हे प्रश्न कोणाला पडत नाहीत. पण शस्त्र हाही दस्तऐवज आहे, आणि दस्तऐवज वाचण्याची एक रीत असते.

महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून रघूजी भोसल्यांची तलवार घेतली. तिच्या पात्यावर सोन्याने देवनागरीत ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’ असे लिहिले आहे. यातला शेवटचा शब्द आपण घाईने ओलांडतो. फिरंग म्हणजे युरोपात घडलेल्या पात्याची तलवार. मूठ मुल्हेरी घाटाची, इथली, पाते परदेशी. म्हणजे एका वस्तूला तीन काळ आहेत : पात्याचा, मुठीचा आणि लेखाचा. रघूजी पहिले १७५५ साली वारले. लेख त्यांच्या हयातीतला मानला, तरी पाते त्याहून कितीतरी जुने असू शकते.

मग पात्याचा काळ कसा ठरवायचा? शिक्क्यावर विसंबावे, तर शिक्केही फसवतात. पासाऊच्या कारागिरांचा धावता लांडगा जर्मनीतल्याच झोलिंगनकरांनी उचलला. आंद्रेआ फेरारा हा सोळाव्या शतकातला इटालियन लोहार. त्याचे नाव पुढच्या काळातल्या जर्मन पात्यांवरही सापडते. खपणारे नाव कोरले जाई. ब्रिटिश घोडदळाच्या तलवारींना ठरीव नमुना मिळाला तो १७८८ मध्ये. त्याआधीच्या युरोपीय तलवारीचा काळ बराचसा मुठीवरून ओळखतात. आणि आपल्याकडे नेमकी मूठच बदलली गेली. म्हणून पात्याचा आकार, त्यावरच्या खाचा, शिक्का आणि लेख यांची एकमेकांशी ताडून साक्ष घ्यावी लागते. एकट्या साक्षीदारावर निवाडा होत नाही.

कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजींनी १८७५–७६ च्या दौऱ्यात युवराज एडवर्डला दिलेली तलवार लंडनच्या राजसंग्रहात आहे. तिचेही पाते युरोपीय, आणि त्यावर येशूच्या नावाची आद्याक्षरे. शुद्ध रक्ताचा आणि शुद्ध परंपरेचा अभिमान मिरवणाऱ्यांनी या पात्यांपुढे क्षणभर थांबावे. ज्यांच्यापुढे आपण नतमस्तक होतो ती शस्त्रेच संकरातून जन्मली आहेत, आणि त्यामुळे त्यांचे तेज तसूभरही कमी झालेले नाही.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी. तिकडच्या लोहाराचे नाव इतके मोलाचे, की त्याची नक्कल होई. रघूजींच्या तलवारीवर नाव आहे ते धन्याचे. पात्याला मूठ बसवणारा, अक्षरांत सोने भरणारा, धार लावणारा शिकलगार, यांपैकी कोणाचेही नाव त्या लेखात नाही. इतिहास कोण लिहितो, याचे उत्तर पोलादावरही वाचता येते.

एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कंटिंजंटची छावणी असलेल्या आमच्या हिंगोलीसारख्या गावात एखादी जुनी तलवार निघाली, तर ती थेट शिवकाळात नेण्याचा मोह होईल. ती छावणीतल्या शिपायाचीही असू शकेल. तेव्हा हळदकुंकू वाहण्याआधी तिचे पाते, मूठ आणि अक्षरे वेगवेगळी तपासावीत. पूजेने वस्तू जपली जाते; तिच्यामागचे हात मात्र चिकित्सेनेच सापडतात.