लिंबाखालचा वॉर्ड

मे महिना, धुळ्याची दुपार. अब्बा दवाखान्यात होते आणि आम्ही नातेवाईक बाहेर लिंबाखाली. ताप उतरताच ते म्हणाले, "मलाही तिथं न्या." दोघांच्या आधारानं आले, पारावर टेकले आणि चहा मागितला. तीन दिवसांत प्रथमच!

ही मागणी फार जुनी आहे. 1284 च्या सुमारास सुलतान कलावून यानं कैरोत दवाखाना बांधला, तेव्हा अंगणात पाणी खेळवलं होतं. आपल्याकडे क्षयावर औषध नव्हतं तेव्हा, 1912 साली, डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी पाचगणीला बेल-एअर आरोग्यधाम काढलं. मोकळी हवा, विश्रांती, सकस आहार हीच त्या काळची मात्रा. पुढं स्ट्रेप्टोमायसिन आलं आणि झाडं मागं पडली. 1984 साली अमेरिकेत रॉजर उलरिक यांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांना विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले. कडक वेदनाशामकंही त्यांना कमी लागली.

पण पाचगणीची नक्कल जळगावात चालायची नाही. इथं पारा पंचेचाळीसला भिडतो, तिथं हिरवळ म्हणजे पाण्याची उधळपट्टी. खानदेशी बाग म्हणजे सावली. लिंब, करंज, बसायला पार, चाकाच्या खुर्चीसाठी उतार, जवळ माठ. आणि नातेवाइकांना जागा, कारण आपल्याकडे रोगी एकटा येतच नाही.

अब्बांचा तो लिंब गाड्यांच्या जागेसाठी तोडला. तिथं आता पत्र्याची शेड आहे. दुपारी तिच्याखाली कुणी थांबत नाही.