गिरणी कामगाराचा विमा आणि कंपनीची पॉलिसी

भारतात दीर्घ मुदतीच्या आजारावरील उपचारांचा आधार नोकरीशी जोडला गेला तो दोन निरनिराळ्या मार्गांनी. पहिला मार्ग 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने घालून दिला, तर दुसरा 1986 मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी आणलेल्या मेडिक्लेमने. नोकरी बदलणाऱ्या रुग्णाचे मधल्या काळात काय होणार, या प्रश्नाचा विचार यांपैकी जुन्या आणि अल्प वेतनाच्या कामगारांसाठी आखलेल्या योजनेने अधिक नेटकेपणाने केला होता.

कायद्यापूर्वीची स्थिती बिकट होती. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात अपघात आणि ठरावीक व्यवसायजन्य रोग यांचा समावेश असला, तरी चाळींच्या दाटीत आणि सूतगिरण्यांच्या दमट, कोंदट खात्यांत बळावणारा क्षय त्यात बसत नव्हता. त्यामुळे खोकला लपवून पाळीवर जाणे किंवा गावाकडे परतणे एवढेच पर्याय बहुतेकांपुढे उरत. कामगारविषयक व्हिटली आयोगाने 1931 मध्ये आजारविम्याची शिफारस केली, पण ती कागदावरच राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना, 1943 मध्ये, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे योजना आखण्याचे काम सोपवण्यात आले आणि त्यांचा अहवाल 1944 मध्ये सादर झाला. त्यावर आधारलेला कायदा संमत झाल्यावर 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते योजनेचा आरंभ झाला, आणि 1954 मध्ये ती मुंबईत पोहोचली.

या योजनेचे मर्म तिच्या कालगणनेत आहे. कामगार आणि मालक ज्या साधारण सहा महिन्यांत अंशदान, म्हणजे वेतनातून व मालकाकडून जमा होणारा हप्ता, भरतात, त्याला अंशदान कालावधी म्हणतात, आणि त्याच्या बळावर मिळणारा लाभ काही महिन्यांनी सुरू होणाऱ्या तेवढ्याच लांबीच्या लाभ कालावधीत घ्यायचा असतो. आजच्या पद्धतीप्रमाणे एप्रिल ते सप्टेंबर या काळातील अंशदानाचा लाभ पुढच्या जानेवारीपासून जूनपर्यंत मिळतो. साहजिकच सप्टेंबरअखेर नोकरी सुटलेल्या कामगाराने त्या सहामाहीत किमान 78 दिवसांचे अंशदान भरले असेल, तर उपचारांचा हक्क जूनपर्यंत टिकतो. विमा क्रमांक कामगाराचा असतो, गिरणीचा नव्हे. मुंबईत तर खाजगी डॉक्टरांच्या नामिकेची, म्हणजेच पॅनेलची, पद्धत स्वीकारल्यामुळे एक गिरणी सोडून दुसरीत लागलेल्या माणसाचा वस्तीतला पॅनेल डॉक्टर तोच राहू शकत होता. क्षयासारख्या आजारात याचे मोल फार मोठे होते, कारण त्या काळी स्ट्रेप्टोमायसिन, पास आणि आयसोनियाझिड यांचा उपचार वर्ष-दीड वर्ष चाले.

मूळ कायद्यातील आजारपणाचा रोख लाभ मात्र वर्षात केवळ आठ आठवड्यांचा होता, आणि तो अशा उपचारास पुरणे शक्य नव्हते. म्हणून पुढे वाढीव आजार लाभाची तरतूद झाली, ती आज 34 दीर्घकालीन आजारांना लागू असून, दोन वर्षांची सलग नोकरी आणि पुरेसे अंशदान असल्यास वेतनाच्या 80 टक्के दराने दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. कलम 73 ने आजारलाभ घेत असलेल्या कामगारास कामावरून काढण्यास मनाई केली. अर्थात दिवसांच्या अटीचा फटका बदली कामगारांना, म्हणजे कायम माणसाच्या गैरहजेरीत ज्यांना गिरणीच्या दारावर काम मिळे त्यांना, सर्वाधिक बसणार हे उघड होते, आणि दवाखान्यांतील रांगा व औषधांचा तुटवडा यांच्या तक्रारी योजनेला कायमच चिकटून राहिल्या.

राज्य विमा योजनेच्या वेतनमर्यादेवरच्या नोकरदारांचा इतिहास याच्या उलट आहे. मेडिक्लेम हा रुग्णालयातील दाखल उपचारांच्या खर्चाचा ऐच्छिक विमा असल्याने त्याने आधीपासून असलेले आजार सुरुवातीलाच वगळले. पुढे माहिती-तंत्रज्ञानाच्या भरभराटीत पुण्यासारख्या शहरांत कंपन्यांनी घेतलेल्या सामूहिक पॉलिसींनी ही अट बहुधा शिथिल केली खरी, पण ते संरक्षण कंपनीच्या नावे असल्याने राजीनाम्याबरोबर संपुष्टात येई, आणि मधुमेही किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाने स्वतःची पॉलिसी घेतली तर प्रतीक्षा कालावधी नव्याने मोजला जाई. आधीच्या विम्याची वर्षे जमेस धरणारी पोर्टेबिलिटी 1 ऑक्टोबर 2011 पासून अमलात आली, सामूहिक पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची वाटही नियामकाने मोकळी केली, आणि 2024 मध्ये आधीच्या आजारांसाठीचा कमाल प्रतीक्षा कालावधी 48 महिन्यांवरून 36 महिन्यांवर आणला. गिरणी कामगाराला 1954 मध्येच मिळालेल्या हक्काशी दूरचे नाते सांगणारी ही सवलत आधुनिक नोकरदाराला अर्धशतकाहून अधिक उशिरा, तीही विमा कंपनीच्या छाननीच्या अधीन राहून, मिळाली.

हे दोन मार्ग एकमेकांना कोठेच मिळालेले नाहीत. 2017 पासून मासिक वेतनाची मर्यादा 21,000 रुपये आहे, आणि पगारवाढीने किंवा नव्या नोकरीने ती ओलांडणारा कामगार चालू अंशदान कालावधी संपल्यावर सामान्यतः योजनेबाहेर पडतो; पोर्टेबिलिटी केवळ विमा कंपन्यांच्या पॉलिसींमध्ये चालते आणि योजना चालवणारे कर्मचारी राज्य विमा महामंडळ तशी कंपनी नाही, म्हणून कामगाराने अनेक वर्षे भरलेले अंशदान नव्या वैयक्तिक पॉलिसीच्या प्रतीक्षा कालावधीत एका दिवसापुरतेही जमेस धरले जात नाही.